दक्षिणेचा हिशोब

नागापूर म्हटलं की नगरच्या माणसाला गाव नाही, एमआयडीसी आठवते. (2024 पासून अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय.) अशा कारखान्यांच्या आसपासच्या शाळांत एक गोष्ट हमखास दिसते. बेंच, कॉम्प्युटर किंवा पाण्याची टाकी, आणि त्यावर रंगवलेलं देणगीदार कंपनीचं किंवा तिच्या फाउंडेशनचं नाव.

यामागे 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 आहे. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, आणि जिथे आपला धंदा चालतो त्या भागाला प्राधान्य द्यायचं. कंपनी फाउंडेशनला देते, फाउंडेशन संस्थेला, संस्था शाळेला. आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना ही पाइपलाइन लगेच कळते. पण नळ कोणाच्या दारात सोडायचा, हे कोण ठरवतं?

या प्रश्नावरून पुण्यात 1849 साली चांगलीच जुंपली होती. आणि त्या गोष्टीचा एक धागा आमच्या नगरला येतो म्हणून हा सगळा प्रपंच.

दक्षिणा ही प्रथा सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावला सुरू केली. पुढे ती पेशव्यांकडे आली. श्रावणात पुण्यात विद्वान ब्राह्मण जमायचे, त्यांना पैसे वाटले जायचे. रक्कम लाखांत जायची. 1818 ला पेशवाई गेली, पण एल्फिन्स्टन हुशार माणूस. लोकांना दुखवायचं नाही म्हणून त्याने दक्षिणा बंद केली नाही, वर्षाला 50,000 रुपयांवर आणली. त्याच पैशातून 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. म्हणजे दानाचा पैसा शाळेकडे वळला खरा, पण लाभार्थी तेच राहिले!

आता नगर. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई 1827 ला मुंबईत आल्या आणि 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. पैसा बोस्टनच्या मिशन बोर्डाकडून यायचा. धर्मप्रसार हा त्या पैशाचा हेतू होताच, तो लपवायचं कारण नाही. पण जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन ती शाळा पाहिली, आणि 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं.

शाळा काढणं सोपं, महिन्याच्या महिन्याला चालवणं अवघड. पगार, जागा, पुस्तकं. (स्टार्टअपवाल्यांना वेगळं सांगायला नको.)

1849 साली लोकहितवादी आणि काही तरुण मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेच्या रकमेतला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्या. सनातनी मंडळी भडकली. धर्मादाय पैसा आमचा, तुम्ही कोण वाटणी मागणारे? प्रकरण हातघाईवर येणार असं दिसल्यावर फुले सुमारे दोनशे कष्टकरी लोक घेऊन अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले, असं त्यांच्या चरित्रांत येतं. मला या प्रसंगात गंमत वाटते ती ही, की अर्ज करणारे बहुतेक ब्राह्मण, विरोध करणारे ब्राह्मण, आणि संरक्षणाला आलेले कोण? ज्यांना त्या फंडातून कधी एक पै मिळाली नव्हती ते!

अर्ज मान्य झाला. आणि एकदा ‘हा पैसा अमक्यांचाच’ ही समजूत मोडली, तशी वाट रुंद झाली. पुढे फुल्यांच्या मुलींच्या शाळांना याच दक्षिणा फंडातून दरमहा 75 रुपये मिळू लागले. वर्षाचे 900. एल्फिन्स्टनच्या 50,000 शी ताडून पाहिलं तर 1.8 टक्के. कलम 135 च्या 2 टक्क्यांच्या जरा खालीच. योगायोगच, पण कॅल्क्युलेटरवर आकडा बघून मी हसलो.

बाकीचा खर्च वर्गणी आणि देणग्यांवर, त्यात बरेच युरोपियन देणगीदार. 1857 चं बंड झालं आणि त्या देणग्या आटल्या. सरकारचा हातही आखडला, फुल्यांचे कमिटीशी मतभेद झाले, आणि 1858 पर्यंत मुलींच्या तिन्ही शाळा बंद पडल्या. पटावर मुली होत्या, शिकवणारे होते. मेरठ-दिल्लीच्या बातम्यांशी पुण्यातल्या पेठेतल्या त्या पोरींचा काय संबंध? पण देणगीदार बिथरला की पहिली काट तिथेच बसते. फाउंडेशनचं ‘थीम’ बदललं म्हणून एखाद्या संस्थेचं अनुदान मध्येच थांबतं, तेव्हा मला हेच 1858 आठवतं.

1882 साली हंटर कमिशनपुढे फुल्यांनी हिशोब आणखी मागे नेला. सरकारी तिजोरीतला बहुतेक पैसा रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी. आधी प्राथमिक शाळांकडे बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. देणगीचे आभार मानण्याआधी ती मुळात कोणाच्या कष्टातून आली ते विचारणारा हा माणूस. एमआयडीसीत हा प्रश्न विचारला तर उत्तर शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर पडणाऱ्या गर्दीत सापडेल, नाही का?

विश्रामबागवाड्यातल्या त्या पाठशाळेचं पुढे डेक्कन कॉलेज झालं, येरवड्याला त्याची देखणी दगडी इमारत उभी आहे. भिडेवाडा मात्र कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं मोडकळीला आला, आणि डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी जागा मोकळी करायला पाडला.