घरपट्टीची फेरआकारणी

इमारतीत वाढ, फेरबदल वा नूतनीकरण झाल्यावर तिचे करयोग्य मूल्य नव्याने ठरविण्याची व त्यावरील हरकतींचा निर्णय करण्याची प्रक्रिया. घरपट्टी हे नागरी स्थानिक संस्थांच्या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन होय.

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली आला. तेथील नगरपालिकांसाठी १८८६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारास जोडला गेला व पुढे १९२२ चा नगरपालिका अधिनियम तेथे लागू झाला. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. १९६५ च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या कायद्यांत एकसूत्रता आली. अमरावतीस १९८३ मध्ये आणि अकोल्यास २००१ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. मूळचा १९४९ चा व आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जाणारा कायदा या शहरांस लागू आहे.

या कायद्यानुसार घरास वर्षाकाठी जे भाडे वाजवीपणे मिळू शकेल, त्यातून दुरुस्तीखातर १० टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. दुरुस्तीची सूट आधीच गृहीत धरलेली असल्याने गळके छप्पर शाकारणे किंवा भिंतीस गिलावा करणे एवढ्यावरून मूल्य वाढविणे या तत्त्वाशी सुसंगत ठरत नाही. याउलट नवा मजला, वाढीव खोली किंवा राहत्या जागेचे दुकानात रूपांतर यांमुळे भाडे मिळविण्याची क्षमता वाढते व करही वाढतो. बांधकाम परवानगीवाचून झाले असल्यास शास्ती आकारता येते. ती भरल्याने बांधकाम मात्र नियमित होत नाही.

आकारणी पुस्तक चार वर्षांतून एकदा तरी नव्याने करावे लागते. इमारतीत बदल झाल्यास मधल्या काळातही नोंद सुधारता येते. पण त्यासाठी मालकास नोटीस देणे आवश्यक असते. नोटिशीतील मुदतीत आयुक्तांकडे लेखी हरकत नोंदवावी लागते. तिचा निर्णय मान्य नसल्यास न्यायाधीशाकडे अपील करता येते. त्याची मुदत १५ दिवसांची असून वादग्रस्त रक्कम आधी भरावी लागते. प्रथम हरकत न घेणाऱ्यास हा मार्ग मोकळा राहत नाही.

फेरआकारणी लांबल्यास काय घडते, याचे अकोला हे बोलके उदाहरण होय. तेथे २००१ नंतर सुमारे सोळा वर्षे सुधारणा झाली नव्हती. २०१७ मध्ये मालमत्तांचे नवे सर्वेक्षण करून कर वाढविण्यात आला, तेव्हा मोठा विरोध झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये जनहित याचिकेवर ही वाढ रद्द केली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो निर्णय फिरवून महानगरपालिकेची कारवाई ग्राह्य धरली. सर्वसाधारण करवाढीचा वाद अशा रीतीने मिटला, तरी एखाद्या घराचे क्षेत्रफळ, वापर वा मूल्य चुकीचे नोंदले गेल्यास त्या मालकाचा वैयक्तिक हरकतीचा हक्क वेगळाच राहतो.

इंग्लंडमध्ये १९९३ पासून घरांचे वर्ग १९९१ च्या किंमतींवर ठरलेले आहेत. तेथे मालकाने घर सुधारले तरी ते विकले जाईपर्यंत सामान्यतः वरचा वर्ग लावत नाहीत. महाराष्ट्रात अशी सवलत नाही. म्हणूनच बांधकामाचा मंजूर नकाशा, जुन्या कराच्या पावत्या व मोजमापे जपून ठेवणे हा घरधन्याचा खरा आधार ठरतो.