जॅक क्रेमरचा फिरता फड

टेनिसच्या इतिहासावर बोला म्हटलं की गाडी लेव्हर, बोर्ग, फेडरर अशी स्टेशनं घेत जाते. मला आज जॅक क्रेमरविषयी बोलायचं आहे. हा माणूस खेळाडू म्हणून मोठा होताच, पण टेनिसचा चेहरामोहरा त्यानं बदलला तो रॅकेट खाली ठेवल्यावर, आयोजक म्हणून.

क्रेमरचा जन्म १९२१ चा, अमेरिकेतल्या लास व्हेगासमधला. वडील रेल्वेत नोकरीला. सर्व्हिस करायची आणि थेट नेटकडे धाव घ्यायची, हा धडाकेबाज खेळ त्यानं रुजवला. १९४६ आणि १९४७ मध्ये अमेरिकन स्पर्धा आणि १९४७ मध्ये विम्बल्डन त्यानं जिंकलं. आणि त्याच वर्षाअखेर तो व्यावसायिक झाला.

आज या वाक्यात काही विशेष वाटणार नाही. त्या काळी मात्र व्यावसायिक होणं म्हणजे जातीबाहेर जाणं होतं. विम्बल्डन असो की डेव्हिस करंडक, सगळं फक्त हौशी खेळाडूंसाठी. पैसे घेऊन खेळलात की दार बंद! गंमत अशी की हौशी म्हणवणारे नामवंतही 'खर्चा'च्या नावाखाली टेबलाखालून पाकिटं घेत. पैसे सगळेच घेत होते. फरक एवढाच, की व्यावसायिक ते उघडपणे घेत.

मग हे व्यावसायिक खेळत कुठे? आपल्या जुन्या नाटक कंपन्या आठवा. आज हा गाव, उद्या तो, पडदे-पेट्या सोबत. क्रेमरचा फड तसाच होता. जाड कापडाचं कोर्ट गुंडाळून गाडीत टाकायचं, पुढच्या गावच्या सभागृहात, कधी बर्फावरच्या खेळाच्या मैदानावरही पसरायचं, रात्री सामना आणि पहाटे प्रवास. त्याचा पहिला प्रयोग २६ डिसेंबर १९४७ ला न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होता, बॉबी रिग्जविरुद्ध. त्या दिवशी शहरात दोन फुटांहून जास्त बर्फ पडलं, वाहतूक ठप्प झाली. तरी १५ हजारांवर माणसं आली. जिंकला रिग्ज. पण पुढे दौरा संपला तेव्हा हिशेब होता क्रेमर ६९, रिग्ज २०. (हा रिग्ज लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.) पुढच्या दौऱ्यात कोवळ्या पांचो गोन्झालेसला त्यानं ९६ विरुद्ध २७ असं धुतलं.

१९५० च्या दशकात क्रेमर खेळाडूचा मालक झाला. त्याचं गणित साधं होतं. लोक तिकीट काढतात ते नव्या चेहऱ्यासाठी. म्हणून दर वर्षी हौशी टेनिसमधला सर्वांत मोठा विजेता हेरायचा, त्याच्यापुढे भरघोस रक्कम ठेवायची आणि फडात ओढायचा. सेजमन, त्राबर्ट, रोझवॉल, होड सगळे असेच आले. विम्बल्डनवाल्यांनी त्याला खलनायक ठरवलं यात नवल नाही. भारतापर्यंतही त्याचा हात पोचला होता. आपल्या रामनाथन कृष्णन यांनाही त्यानं देकार दिला, तो त्यांनी नाकारला. पुढे १९६० आणि १९६१ मध्ये ते विम्बल्डनची उपान्त्य फेरी खेळले आणि १९६६ मध्ये भारताला डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत घेऊन गेले. फडात गेले असते तर यातलं काहीच घडलं नसतं.

पण या गणिताची दुसरी बाजूही आहे. १९५५ च्या अखेरीस त्राबर्ट फडात आला तेव्हा जगातला सर्वांत चांगला टेनिसपटू गोन्झालेस होता. त्यानं त्राबर्टला दौऱ्यात सपशेल हरवलं. बिदागी मात्र गोन्झालेसला १५ हजार डॉलर आणि त्राबर्टला त्याच्या कित्येक पट! कारण तिकिटं त्राबर्टच्या नावावर खपत होती. गोन्झालेस कोर्टात गेला आणि हरला. क्रेमरला खेळाडूंचा मुक्तिदाता म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट वगळू नये असं मला वाटतं.

१९६० मध्ये हौशी-व्यावसायिक भेद काढण्याचा ठराव आंतरराष्ट्रीय महासंघात अवघ्या पाच मतांनी फेटाळला गेला. आपल्या नावाचाच अडसर होतोय हे ओळखून क्रेमर काही काळानं फडातून बाजूला झाला. १९६७ च्या ऑगस्टमध्ये विम्बल्डनच्या हिरवळीवर प्रथमच व्यावसायिकांची स्पर्धा झाली, बीबीसीच्या रंगीत प्रक्षेपणासह. पुढच्याच वर्षी दारं उघडली. १९६८ च्या खुल्या विम्बल्डनमध्ये लेव्हरला २,००० पौंड मिळाले, बिली जीन किंगला ७५०.

वर्षभराच्या स्पर्धा गुणांच्या एका माळेत ओवायच्या आणि शेवटी अव्वल खेळाडूंची स्पर्धा घ्यायची, ही ग्रां प्रीची कल्पनाही क्रेमरचीच. १९७० मध्ये ती सुरू झाली. आजच्या एटीपी दौऱ्याचं मूळ तिथं आहे. १९७२ मध्ये खेळाडूंची संघटना निघाली, तिचा पहिला कार्यकारी संचालकही तोच. युगोस्लाव्हियाच्या निकी पिलिचवर बंदी आली म्हणून १९७३ च्या विम्बल्डनवर ८१ खेळाडूंनी बहिष्कार घातला. इंग्रजी वृत्तपत्रांनी सगळं खापर क्रेमरवर फोडलं, बीबीसीवरचं त्याचं समालोचनही गेलं. रिकाम्या झालेल्या त्या स्पर्धेत आपला विजय अमृतराज उपान्त्यपूर्व फेरीत विजेत्या यान कोडेशकडून पाचव्या सेटमध्ये ७-५ असा हरला.

हाच क्रेमर १९७० मध्ये लॉस एंजलिसच्या स्पर्धेचा संचालक होता. पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५००, असं त्यानं जाहीर केलं. महिलांच्या नावावर तिकिटं खपत नाहीत, हे त्याचं कारण. गोन्झालेसला लावलेला तोच जुना तराजू! किंग आणि रोझी कासाल्स भडकल्या. 'वर्ल्ड टेनिस'च्या ग्लॅडिस हेल्डमन यांनी त्याच सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला वेगळी स्पर्धा भरवली आणि नऊ जणींनी एकेका डॉलरच्या करारावर सह्या केल्या. महिलांचा स्वतंत्र दौरा तिथून उभा राहिला. ज्या बंडखोरीवर क्रेमरनं आयुष्य काढलं, ती त्याच्याविरुद्ध झाली तेव्हा त्याला कळली नाही. निदान मला तरी तसं दिसतं.

२० सप्टेंबर १९७३. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये किंगसमोर उभा होता तो रिग्ज, १९४७ च्या बर्फातला, आता ५५ वर्षांचा. दूरचित्रवाणीला समालोचक म्हणून क्रेमर हवा होता. किंगनं सांगितलं, तो असेल तर मी खेळणार नाही. क्रेमरला माघार घ्यावी लागली. किंग ६-४, ६-३, ६-३ अशी जिंकली. प्रेक्षक होते ३०,४७२. त्या काळात टेनिसच्या कुठल्याही सामन्याला एवढी तिकिटं खपली नव्हती.