पातं नसलेली सुरी

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण देकार्तपाशी थांबलो होतो. फेब्रुवारी १६५० मध्ये, स्टॉकहोमच्या थंडीत, राणी क्रिस्टिनाच्या पदरी असताना तो वारला. आज तिथूनच पुढे जायचं आहे, त्याच शहरात, फक्त तीनशे वर्षं नंतर. तत्त्वज्ञानाचा मास्तर मेंदूच्या शस्त्रक्रियेवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण या विषयात शिरलो तसा देकार्त पावलापावलाला भेटत गेला.

त्याच्या दोन गोष्टी आपल्याला आज लागणार आहेत. पहिली म्हणजे त्याची भूमिती. १६३७ साली त्याने दाखवलं की बिंदूची जागा आकड्यांनी सांगता येते. आज शाळेतलं पोर आलेखाच्या वहीत क्ष आणि य अक्ष काढतं ते त्याचंच देणं. दुसरी गोष्ट म्हणजे पिनिअल ग्रंथी. मेंदूत बाकी सगळं जोडीजोडीने आहे, ही एकटीच मधोमध, म्हणून आत्म्याचं मुख्य आसन इथेच असणार, असा त्याचा तर्क. तर्क चुकला. पण ती ग्रंथी पुढे वेगळ्याच कामाला आली.

१९०८ साली लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सली आणि रॉबर्ट क्लार्क या दोघांनी माकडाच्या डोक्यावर बसवायची एक चौकट तयार केली. तीन प्रतलं, तीन अंतरं, की मेंदूतल्या कुठल्याही ठिकाणी सुई नेमकी पोचते. शुद्ध देकार्त! पण ही चौकट माणसाला चालेना. कारण सोपं आहे. कवटीच्या खुणांवरून आतली जागा ठरवायची, तर माणसामाणसाची कवटी वेगळी. जवळजवळ चाळीस वर्षं हे तसंच राहिलं. मग १९४७ मध्ये फिलाडेल्फियात स्पीगल आणि वायसिस यांनी खुणा कवटीवर न शोधता मेंदूच्या आत शोधल्या. त्यातली एक खूण कोणती? पिनिअल ग्रंथी. वयाबरोबर तिच्यात चुन्याचे कण साठतात आणि क्ष-किरणांच्या चित्रात ती ठिपक्यासारखी दिसते. देकार्तने जिथे आत्म्याला बसवलं होतं, तिथून आता मिलिमीटर मोजले जाऊ लागले. (हशा) हसा, पण हे कशासाठी चाललं होतं तेही ऐका. तो काळ लोबोटॉमीचा. मनोरुग्णांच्या मेंदूचा पुढचा भाग जवळजवळ आंधळेपणाने कापला जात होता, आणि १९४९ मध्ये त्या शस्त्रक्रियेच्या जनकाला, एगाश मोनिझला, नोबेल मिळालं. स्पीगलना हवं होतं ते असं की कापायचंच असेल तर निदान नेमकं आणि थोडकं कापावं.

त्याच १९४७ साली एक स्वीडिश सर्जन फिलाडेल्फियाला हे बघायला आला. लार्श लेक्सेल, वय चाळिशीच्या घरात. स्टॉकहोममध्ये हर्बर्ट ऑलिव्हक्रोना या मोठ्या सर्जनच्या हाताखाली तयार झालेला. त्या काळात मेंदू उघडायचा म्हणजे काय, हे त्याने रोज पाहिलेलं. तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया, रक्तस्राव, सूज, आणि टेबलावरच किंवा नंतर गेलेले रुग्ण. मेंदूसाठी वापरायचं हत्यार कितीही नाजूक केलं तरी ते पुरेसं नाजूक नाही, असं तो मानत असे. परत जाऊन १९४९ मध्ये त्याने स्वतःची चौकट प्रसिद्ध केली.

इथे थोडं थांबू, कारण सगळी गोष्ट या चौकटीत आहे. तिच्यावर लेक्सेलने अर्धवर्तुळाकार कमान बसवली आणि मेंदूतलं लक्ष्य त्या वर्तुळाच्या केंद्रस्थानी आणलं. आता बघा काय होतं. सुई कमानीवर कुठेही लावा, ती केंद्राकडेच जाणार. वाट कुठलीही असो, मुक्काम एकच. आणि एकदा वाट कुठलीही चालते म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग सुईच कशाला हवी? सुईच्या जागी किरण लावला तर? कमान फिरवत राहायचं, किरण दर वेळी नव्या वाटेने आत शिरेल, वाटेतल्या मेंदूला थोडा थोडा लागेल, आणि केंद्रात मात्र सगळा साठेल. १९५१ मध्ये लेक्सेलने हा विचार शोधनिबंधातून मांडला आणि त्याला ‘रेडिओसर्जरी’ असं नाव दिलं.

आम्ही विद्यार्थ्यांना हे वारीच्या उदाहरणाने सांगायचो. एकेक दिंडी गावातून जाते तेव्हा गावाला फारसा ताण पडत नाही. एक मुक्काम, एक जेवण, पुढे. पण आषाढीला त्या सगळ्या पंढरपुरात पोचतात तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. गर्दी वाटेवर कुठेच नाही, फक्त मुक्कामी आहे. उदाहरण अगदीच तंतोतंत नाही, कारण किरण मुक्कामी थांबत नाही, पलीकडून बाहेर निघून जातो. पण चालेल.

सुरुवातीला त्याने चौकटीला क्ष-किरणांची नळीच जोडली. १९५३ मध्ये ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच्या दोन रुग्णांवर वापरली. या आजारात चेहऱ्याच्या एका बाजूला विजेसारखी कळ येते. वारा लागला तरी येते, घास चावला तरी येते. त्या दोघांची कळ गेली आणि पुढे कितीतरी वर्षं आली नाही. पण क्ष-किरण खोल जाईपर्यंत दुबळे होत. मग उप्साला विद्यापीठातल्या सायक्लोट्रॉनवर बोर्ये लार्सन या पदार्थवैज्ञानिकाबरोबर प्रोटॉनच्या झोताचे प्रयोग झाले. प्राण्यांवर झाले, मग माणसांवर. काम झालं, पण सायक्लोट्रॉन रुग्णालयात आणता येईना. अमेरिकेत बर्कली आणि हार्वर्डला तीच वाट चोखाळली गेली, तो इतिहास मोठा आहे, आज त्यात शिरत नाही.

शेवटी उत्तर सापडलं ते कोबाल्ट-६० मध्ये. हा किरणोत्सारी धातू स्वतःहून गॅमा किरण सोडत राहतो. त्याला ना वीज लागते ना सायक्लोट्रॉन. सव्वापाच वर्षांत त्याची ताकद निम्मी होते, एवढंच. लेक्सेल आणि लार्सननी कोबाल्टचे १७९ लहान स्रोत एका जाड कवचात असे बसवले की प्रत्येकाचा झोत एकाच बिंदूत मिळेल. कमान फिरवायची गरजच उरली नाही, सगळ्या वाटा एकदम उघड्या. यंत्राला नाव पडलं गॅमा नाइफ. पहिला रुग्ण १९६७ मध्ये, स्टुड्सविक इथल्या अणुसंशोधन केंद्रात, यंत्र अजून रुग्णालयात पोचायच्या आधीच. पुढच्या वर्षी ते स्टॉकहोमच्या सोफियाहेमेट रुग्णालयात बसलं.

आता इतिहासाची गंमत बघा. लेक्सेलने हे यंत्र मुळात गाठींसाठी केलंच नव्हतं. त्याला हवं होतं ते मेंदूच्या आत एक बारीक, नेमका छेद घेणं: कंपवातासाठी, असह्य वेदनेसाठी, मनोविकारांसाठी. पण यंत्र तयार होईपर्यंत लेव्होडोपा हे औषध आलं आणि कंपवाताच्या शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या. यंत्र आहे, काम नाही! आणि दुसरी अडचण याहून मोठी. नेम अर्ध्या मिलिमीटरचा, पण नेम धरायचा कशावर? गाठ दिसायला तर हवी. सीटी स्कॅनने पहिला रुग्ण तपासला तो १९७१ मध्ये, लंडनला. त्याआधी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून किंवा रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून अंदाज बांधायचे. म्हणून सुरुवातीला सर्वांत चांगली चालली ती रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गुंत्यांवरची उपचारपद्धती. लादिस्लाउ स्टायनर यांनी ती १९७० मध्ये सुरू केली, कारण रक्तवाहिन्या निदान दिसत होत्या. हात आधी तयार झाला, डोळे मागून आले. सीटी आणि मग एमआरआय आल्यावर हेच यंत्र गाठींचं यंत्र झालं. ऐंशीच्या दशकात ब्वेनोस आयरेस, शेफील्ड, पिट्सबर्ग अशा ठिकाणी ते गेलं, आणि १९९७ मध्ये आपल्याकडे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये आलं. लेक्सेल हे बघायला नव्हता. १९८६ च्या जानेवारीत आल्प्समध्ये फिरायला गेलेला असताना तो वारला.

इथे थोडं घरचं सांगतो. २००६ साली आमच्या सौभाग्यवतींना डाव्या कानाने फोन ऐकू येईनासा झाला. वर्षभर आम्ही दोघं कानात थेंब टाकत बसलो, एका डॉक्टरांनी ‘वय झालं’ म्हणून परत पाठवलं. शेवटी एमआरआय निघाला: ऐकण्याच्या नसेवर गाठ, चौदा मिलिमीटर. कर्करोगाची नाही, हळू वाढणारी. दोन वाटा होत्या. कवटी उघडून ती काढायची, त्यात शेजारची चेहऱ्याची नस दुखावण्याची धास्ती. किंवा गॅमा नाइफ. लेक्सेलनेच १९६९ मध्ये या गाठीवर पहिल्यांदा ते वापरलं. सुरुवातीला मात्रा जास्त असायची आणि तिथेही चेहरे वाकडे झाले. पुढे ती बारा-तेरा ग्रेपर्यंत उतरवली, तेव्हा गोष्ट सुधारली.

आम्ही दुसरी वाट घेतली. सकाळी डोक्याला भूल देऊन चार स्क्रूंनी चौकट बसवली. तेव्हा ‘कुठेही टोचत नाही’ हे कोणी म्हणालं तर सौ. आजही त्याला ते चार ठिपके दाखवतात. दुपारी चौकट निघाली, संध्याकाळी त्यांनी चहा मागितला. आणि डॉक्टर म्हणाले, “गाठ जाणार नाही हं. ती तिथेच राहील. फक्त वाढणार नाही.”

आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण या वाक्याने गप्प झालो. शल्य म्हणजे रुतलेला काटा, आणि शल्यकर्म म्हणजे तो काढणं. इथे काटा काढलाच नाही, त्याचं टोक बोथट केलं. हिला ‘बरी झाली’ म्हणायचं का? नातेवाईक फोनवर विचारायचे, “निघाली ना गाठ?” ‘नाही’ म्हटलं की पलीकडे शांतता.

शब्दांपुरतं बोलायचं तर सुश्रुताकडे एक सोय आहे. शस्त्रांशिवाय ‘अनुशस्त्र’ नावाचा वेगळा वर्ग त्याने केला. पोलाद न वापरता जे शस्त्राचं काम करतं ते. बांबूची साल, काच, जळू, क्षार, नख, आणि अग्नी. म्हणून काही त्याला गॅमा किरण ठाऊक होते असं नव्हे, तसं कोणी लिहून पाठवू नका. पण पातं नसलेल्या सुरीला बसवायला त्याच्या वर्गीकरणात खाना आहे, एवढं खरं.

आता एक अस्वस्थ करणारी गोष्ट, जी या यंत्राच्या कौतुकात बहुधा राहून जाते. लेक्सेलच्या मूळ हेतूत मनोविकार होते, आणि ते काम थांबलं नाही. तीव्र ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या रुग्णांवर, मेंदूतल्या एका तंतूंच्या पट्ट्यात छेद घ्यायची ‘कॅप्सुलोटॉमी’ स्टॉकहोममध्ये होत राहिली. काही रुग्णांत तापवलेल्या सुईने, काहींत गॅमा किरणांनी. २००८ मध्ये स्टॉकहोमच्याच डॉक्टरांनी अशा २५ रुग्णांचा सरासरी जवळजवळ अकरा वर्षांनंतरचा हिशोब छापला. अनेकांचे मंत्रचळ कमी झाले होते. पण काहींमध्ये निरिच्छपणा आला होता, काहींना साधे बेत आखणं, क्रम लावणं जमत नव्हतं. मेंदूत किती ऊतक गेलं याच्याशी त्याचा संबंध दिसत होता.

आमचं म्हणणं असं की इथे रक्त न दिसण्याचा प्रश्न येतो. उघडलेल्या कवटीसमोर सर्जनचा हात आपोआप थबकतो. किरणाला तो अडसर नाही. खोली स्वच्छ, रुग्ण जागा, आणि नुकसान झालंच तर ते महिन्यांनी, वर्षांनी कळणार. कानाच्या नसेवरची गाठ मिलिमीटरमध्ये मोजता येते. निरिच्छपणा कशात मोजायचा? देकार्तचे तीन अक्ष ‘कुठे’ हे सांगतात. ‘किती’ हे पदार्थविज्ञान सांगतं. ‘मुळात करावं का’ याला चौकटीवर आकडा नाही. तरी त्या डॉक्टरांना एक श्रेय द्यायला हवं: आपल्याच रुग्णालयाचा हिशोब त्यांनी स्वतः मांडला, लपवला नाही.

सौ. आज पहिल्या रांगेत आहेत, उजवा कान आमच्याकडे करून. त्यांचा मागचा एमआरआय गेल्या दिवाळीनंतर झाला. तेरा मिलिमीटर.