ईश्वरतृप्ती (मराठी ख्रिस्ती परंपरा)

पैसा, मानमरातब, इतकेच काय पण काटेकोर धर्माचरणानेही मनाची भूक भागत नाही; ती ख्रिस्ताद्वारे लाभणाऱ्या देवाच्या सहवासातच भागते, ही ख्रिस्ती श्रद्धा. याकोबाच्या विहिरीवर येशूने शोमरोनी स्त्रीला जिवंत पाण्याविषयी सांगितले, तो योहानाच्या शुभवर्तमानातला प्रसंग या विचाराचा मोठा आधार आहे. ही तृप्ती पुण्य साठवून मिळवायची नसते, ती कृपेने मिळते.

याचा सर्वांत प्रांजळ मराठी दाखला पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२). आईवडिलांबरोबर त्यांनी लहानपणीच अनेक तीर्थे पालथी घातली, व्रतेवैकल्ये केली. दुष्काळाच्या हालात आईवडील आणि बहीण एकामागून एक गेली. १८८३ साली इंग्लंडातल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही जिवाची तगमग थांबली नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनी पुढे आत्मकथनात दिली. बाप्तिस्मा झाला म्हणजे सारे झाले, असे मानणाऱ्यांना ती अडचणीची वाटेल. म्हणूनच ती मोलाची आहे. स्वतःचेच प्रवचन देताना मनपालट झालेल्या विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि १८९१ च्या सुमारास त्या निश्चिंत झाल्या.

निश्चिंत झाल्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा त्यांनी आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवायलाही ‘मुक्ती’तल्याच बायका होत्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट निराळी. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या शोधाची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना लागली: काही वर्षे ताटातूट, मग एकाच घरात वेगळी चूल. त्यांनी १९०० साली स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याची तृप्ती बायकोला उसनी घेता येत नाही, हे या संसारात स्पष्ट दिसते.

तुकोबांच्या आधाराने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी टिळकांची भावना होती. मराठी संतपरंपरेशी जुळणारा हा धागा जुना आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठणच्या एकनाथांनी ज्या ओवीत भागवत सांगितले, त्याच छंदात फादर स्टीफन्सने गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले; ते १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. टिळकांची भजने ‘उपासना संगीत’मधून मराठी मंडळ्यांत आजही गायली जातात. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्याच हातचे आहेत.