एल्मायराच्या नर्सेस

एल्मायरा हे न्यूयॉर्क राज्यातलं एक लहान शहर. मार्क ट्वेन उन्हाळ्यात तिथे लिहायला बसायचा. त्याला पुरलंही तिथेच. (शिक्षकाची खोड, सांगितल्याशिवाय राहवत नाही!) मला मात्र ते आठवतं तिथल्या नर्सेसमुळे.

१९७८ मध्ये डेव्हिड ओल्ड्स या मानसशास्त्रज्ञाने तिथे एक प्रयोग सुरू केला. ४०० पहिलटकरणी, बहुतेक जणी कोवळ्या वयाच्या, अविवाहित किंवा गरीब. त्यांतल्या काहींच्या घरी नर्स जायची. गरोदरपणात सरासरी ९ वेळा आणि बाळ २ वर्षांचं होईपर्यंत आणखी २३ वेळा. बाळाला पाजणं, त्याचं रडणं, आईचं राहिलेलं शिक्षण, नोकरी... माहेरीच बसून बोलाव्यात अशा गोष्टी. इथे माहेर दारात चालत यायचं.

१५ वर्षांनी पाहिलं तर नर्स गेलेल्या घरांत मुलांचे हाल आणि हेळसांड बरीच कमी झालेली. पण २००० साली त्याच मंडळींनी आणखी एक निबंध छापला. ४८ टक्के आयांनी घरातल्या मारहाणीचा काही ना काही अनुभव सांगितला होता. जिथे असे प्रसंग २८ हून जास्त होते, तिथे नर्सच्या येण्याने मुलांचे हाल कमी झालेले दिसलेच नाहीत. मारहाणही तिच्या येण्याने घटली नव्हती. आपल्याच कामातलं हे उणं त्यांनी लपवलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

विचारायचं तरी कसं? तो शेजारच्या खोलीत असतो. शिवाय मुलाला धोका दिसला तर तिथे नर्सने सरकारला कळवावंच लागतं. बोललं तर मूलच काढून नेतील, या धास्तीने बाई गप्प!

पुढे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या सुसान जॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्सेससाठी खास प्रशिक्षण आखलं. एकांत साधून विचारायचं, धोका किती ते जोखायचं, वेळ आलीच तर निघायची तयारी करून ठेवायची. घर सोडायचं की नाही, ते मात्र तिनेच ठरवायचं. अमेरिकेत १५ ठिकाणी, ४९२ आयांवर हे पडताळून पाहिलं. २०१९ मध्ये निकाल छापला: बाळ २ वर्षांचं होईपर्यंत आयांच्या जीवनमानात म्हणावा असा फरक नाही.

काही जण याला अपयश म्हणतील. मी म्हणणार नाही. नर्सच्या पिशवीत भाड्याची खोली नसते, कोर्टाचा हुकूमही नसतो. आणि बाळाचा दुसरा वाढदिवस झाला की तिचं येणंही थांबतं.