कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

इरावती कर्वे आपल्याला ‘युगान्त’मुळे ठाऊक असतात. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या या मानवशास्त्रज्ञ बाईंचे एक जर्मन लिखाण मात्र आपण सहसा उघडत नाही : १९३१ साली छापलेला त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध.

विषय होता कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक. बर्लिनमधले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे गृहीतक असे, की हा फरक युरोपीय कवट्यांत अधिक असावा. कारण काय, तर युरोपीय माणूस बुद्धीने श्रेष्ठ! इरावतीबाईंनी युरोपीय आणि इतर वंशांच्या कवट्या मोजल्या. फरक सगळीकडेच आढळला. वंशाशी त्याचा संबंध दिसला नाही. त्यांनी तसेच लिहिले. प्रबंध तपासणार होते ते फिशरच, पुढे नाझी वंशवादाला शास्त्राचा आधार पुरवणारे.

वर्गात प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’ लिहिताना मुले पुस्तकातले उत्तर पाहून आकडे जुळवतात. त्यांना आपण ही हकीकत सांगू या. मग प्रत्येकाला स्वतःच्या डाव्या आणि उजव्या हाताची वीत मोजायला लावू या, आणि जे आकडे येतील तेच फळ्यावर मांडू या.