सायकल सहलींतील हौशी रेडिओ संपर्कसेवा

लांब पल्ल्याच्या सायकल सहली आणि स्पर्धा यांसाठी परवानाधारक हौशी रेडिओचालक, म्हणजेच हॅम, विनामोबदला जी बिनतारी संपर्कव्यवस्था चालवतात तिला ही संज्ञा लावतात. ही प्रथा सर्वांत खोल रुजली ती अमेरिकेत. तेथील अनेक हॅम मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमात अशा सहली ठरलेल्या असतात. सायकलस्वारांची सुरक्षितता हा सेवेचा उघड हेतू. पण आपत्तीत संपर्क सांभाळण्याचा सराव हा हेतूही तितकाच महत्त्वाचा आहे.

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाच्या नियमावलीतील भाग 97 हा या सेवेचा कायदेशीर आधार आहे. हौशी रेडिओ ही ऐच्छिक, बिगरव्यापारी आणि विशेषतः आणीबाणीत लोकांच्या उपयोगी पडणारी सेवा आहे, असे त्यात सुरुवातीलाच मांडले आहे. चालकाला मोबदला घेता येत नाही आणि स्वतःच्या आर्थिक हिताचे संदेश पाठवता येत नाहीत. अमेरिकन रेडिओ रिले लीग या 1914 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने 1935 मध्ये आणीबाणी सेवेची स्वयंसेवक शाखा उभारली. सायकल सहलींवर दिसणारे बरेच स्वयंसेवक तिचे किंवा स्थानिक मंडळांचे सभासद असतात. ब्रिटनमध्ये हेच काम रेनेट करते. जानेवारी 1953 अखेर उत्तर समुद्राच्या पुराने इंग्लंडचा पूर्व किनारा उद्ध्वस्त केला. त्या अनुभवातून ही संस्था जन्मली आणि आज तिचे सभासद शर्यती व सहलींमध्ये सराव करतात.

शंभर-दीडशे किलोमीटरच्या मार्गावर हजारो सायकलस्वार पसरले की पहिला आणि शेवटचा स्वार यांच्यात कित्येक तासांचे अंतर पडते. टेक्सासमध्ये अनेक वर्षे चाललेली ह्यूस्टन ते ऑस्टिन ही दोन दिवसांची धर्मादाय सहल या प्रकारातली होती. त्याच राज्यातील विचिटा फॉल्स येथे 1982 मध्ये, शहराच्या शताब्दीनिमित्त, ‘हॉटर’न हेल हंड्रेड’ सुरू झाली. ऑगस्टच्या उन्हात, पारा 38 अंश सेल्सियसच्या आसपास असताना, तिथे 100 मैल म्हणजे सुमारे 161 किलोमीटर सायकल चालवतात. अशा ठिकाणी विसावा केंद्रावरचे पाणी आणि बर्फ संपत आल्याची बातमी तासभर उशिरा पोहोचली तर उष्माघाताचे रुग्ण वाढतात.

संपर्काचे केंद्र म्हणजे नेट कंट्रोल. सर्व केंद्रे एकाच वाहिनीवर असतात आणि कोणी कधी बोलायचे हे नेट कंट्रोल ठरवतो. प्रत्येक विसावा केंद्रावर एक चालक असतो. पंप, ट्यूब, पाणी आणि सायकली टांगण्याची चौकट घेऊन फिरणाऱ्या मदतगाडीला तिथे ‘सॅग’ म्हणतात. तिच्यात गाडी चालवणाऱ्याशेजारी एक हॅम बसतो. सर्वांत शेवटच्या स्वारामागून चालणारी गाडी वेगळी. सहलीच्या प्रमुखासोबत सतत एक हॅम असतो आणि प्रमुखाचे निरोप तोच हवेवर सांगतो. केंद्रे एकमेकांना ‘विसावा तीन’, ‘सॅग सात’ अशा कामाच्या नावांनी हाक मारतात, कारण माणूस बदलला तरी जागा तीच राहते. मात्र नियमाप्रमाणे दर दहा मिनिटांनी आणि संभाषणाच्या शेवटी चालकाला स्वतःचे अधिकृत संकेतनाव उच्चारावेच लागते.

बहुतेक संभाषण 2 मीटर पट्ट्यात, अमेरिकेत 144 ते 148 मेगाहर्ट्‌झ दरम्यान, चालते. या लहरी साधारण दृष्टिरेषेत जातात. मध्ये डोंगर आला की आवाज तुटतो. म्हणून उंचावरील रिपीटरचा आधार घेतात. तो एका वारंवारतेवर संदेश ऐकतो आणि त्याच क्षणी 600 किलोहर्ट्‌झ अंतरावरील दुसरीवर पुन्हा प्रक्षेपित करतो. हातातल्या संचाची शक्ती सुमारे 5 वॅट. बंद गाडीत बसून त्याच्या आखूड रबरी अँटेनावर बोलले की बरीचशी शक्ती गाडीच्या पत्र्यातच अडते. गाडीच्या टपावर चुंबकाने चिकटवलेली अर्ध्या मीटरची अँटेना हा फरक लगेच दाखवते. नवख्या स्वयंसेवकाला हा धडा पुस्तकातून नव्हे, पहिल्याच वळणावर मिळतो. म्हणूनच जाणते गट सहलीआधी सगळा मार्ग गाडीने फिरून आवाज कुठे पोहोचतो आणि कुठे नाही हे नकाशावर टिपतात.

खरी कसोटी संदेशाच्या शिस्तीची असते. समजा, उतारावर एक स्वार पडला. ‘नेट कंट्रोल, सॅग सात, वैद्यकीय’ एवढेच म्हणून चालक थांबतो. वाहिनी मोकळी झाली की ठिकाण, स्वार शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का आणि अंगावरचा क्रमांक, एवढी माहिती याच क्रमाने जाते. बाकीची सर्व केंद्रे गप्प राहतात. ठिकाण सांगताना हमखास घोटाळा होतो तो मैलांचा. स्वारांना दिलेल्या मार्गपत्रकावरचा अडतिसावा मैल आणि महामार्गाच्या कडेच्या दगडावरचा अडतिसावा मैल या वेगळ्या जागा असतात. रुग्णवाहिकेला महामार्गाचा आकडा कळतो, सॅगला पत्रकावरचा. म्हणून मैलाबरोबर जवळचा चौक आणि स्वार कोणत्या दिशेला तोंड करून आहेत हेही सांगण्याचा दंडक आहे.

हौशी रेडिओवर अर्थ लपवणारे सांकेतिक संभाषण करण्यास मनाई आहे आणि हे बोलणे साधा ग्राहक संच असलेला कोणीही ऐकू शकतो. त्यामुळे जखमीचे नाव हवेवर घेत नाहीत, क्रमांक देतात. बातमी फार गंभीर असेल तर ‘प्रमुखांनी फोन करावा’ एवढाच निरोप जातो. घरच्यांना ती बातमी एखाद्या अनोळखी आवाजातून कळू नये यासाठी पाळलेला हा संकेत आहे आणि सेवेतील सर्व संकेतांत तो सर्वांत माणुसकीचा मानावा लागेल.

गाड्यांचा ठावठिकाणा आपोआप दाखवण्यासाठी एपीआरएस ही अंकीय पद्धत वापरतात. तिचे जनक बॉब ब्रूनिंगा. त्यांनी 1984 मध्ये या पद्धतीची एक सुरुवातीची आवृत्ती कमोडोर व्हिक-20 या घरगुती संगणकावर तयार केली, तीही 100 मैलांच्या घोडदौडीतील घोड्यांची स्थिती कळवण्यासाठी. पुढे तिला उपग्रहीय स्थाननिश्चितीची जोड मिळाली. उत्तर अमेरिकेत तिचे संदेश 144.390 मेगाहर्ट्‌झवर जातात. पडद्यावर सॅग कुठे आहे हे दिसते. तिच्यात किती सायकली आणि किती दमलेले स्वार आहेत हे मात्र विचारूनच कळते.

मोबाइल सर्वत्र असताना याची गरज काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. मोबाइलवर दोघे बोलतात. रेडिओवर एकाने सांगितलेले सर्वांना एकदम कळते आणि जवळची गाडी न बोलावता पुढे येऊ शकते. शिवाय दुर्गम घाटांत मोबाइलला रेंज नसते आणि गर्दी उसळली की जाळे कोलमडते. 15 एप्रिल 2013 रोजी बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले तेव्हा मोबाइल सेवेवर प्रचंड ताण आला; मार्गावर आधीपासून तैनात असलेल्या हॅम स्वयंसेवकांचे जाळे चालू राहिले. असे कौशल्य संकटाच्या दिवशी अचानक येत नाही. ज्याने दहा सहलींत ‘विसावा चारला बर्फ हवा’ हा निरोप नेमका पोहोचवला, तोच पुरात ‘शाळेत चाळीस माणसे अडकली’ हा निरोप न अडखळता पोहोचवतो. सहलीनंतर त्याच दिवशी काय चुकले याचा आढावा घेतला जातो. जो गट हा आढावा टाळतो त्याचा सराव अर्धाच राहतो.

भारतात हौशी रेडिओचा परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा देते. येथे 2 मीटर पट्टा 144 ते 146 मेगाहर्ट्‌झ इतका आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या लातूर-किल्लारी भूकंपात आणि 2001 च्या कच्छ भूकंपात हौशी चालकांनी निरोप पोहोचवण्याचे काम केले. परवान्याची परीक्षा वयाची 12 वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही भारतीय नागरिकाला देता येते.